जिम कॉर्बेट यांच्या बंदुका : कोणती, कुठे आणि का

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नरभक्षक वाघ-बिबट्यांचे शिकारी जिम कॉर्बेट यांची म्हणून रिग्बी कारखान्याची जी .२७५ (इंच मापाची) रायफल सगळीकडे दाखवली जाते, तिची गोळी हरणाच्या शिकारीला शोभेल इतकी बारीक असते. मग चंपावतच्या वाघिणीसारखे जनावर तिने कसे मेले, आणि त्या काळातील एखादी विलायती रायफल घरात वारशाने आली असेल तर तिच्याकडे कसे पाहावे? मी तीसहून अधिक वर्षे जुन्या बंदुकांच्या तपासणीचे आणि दुरुस्तीचे परवानाधारक काम करतो आहे. या काळातील रिग्बी, जेफ्री आणि त्यांच्या तोडीच्या इतर कारखान्यांच्या रायफली माझ्या बाकावर उघडून झालेल्या आहेत, म्हणून हे उत्तर कारागिराच्या बाजूने देतो.

प्रश्नातील एक समजूत आधी दुरुस्त करायला हवी. चंपावतची वाघीण रिग्बीने मारलेलीच नाही. नेपाळात सुमारे २०० आणि कुमाऊँत त्याहून जास्त, असे एकूण ४३६ बळी जिच्या नावावर नोंदले गेले, ती वाघीण १९०७ मध्ये मारली गेली आणि त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना रिग्बी भेट दिली. म्हणजे ही रायफल चंपावतचे बक्षीस आहे, चंपावतचे हत्यार नाही. तिच्या दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी बसवलेली आहे आणि देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, चंपावत हे गाव आणि १९०७ हे साल त्या पट्टीवर कोरलेले आहे. पट्टी नीट वाचली तरी गैरसमज उरत नाही, परंतु छायाचित्रात पट्टी चमकते, अक्षरे दिसत नाहीत, आणि मग लोक दोन गोष्टी एकत्र करून टाकतात.

चंपावतला त्यांच्या हातात .५०० ची ‘मॉडिफाइड कॉर्डाइट’ रायफल होती. बंदूकवाल्यांच्या भाषेत हे नाव अशा रायफलीला दिले जाई, जिची घडण मुळात काळ्या दारूच्या जमान्यातील असून पुढे तीत कॉर्डाइट, म्हणजे नवी धूररहित दारू, बेताने भरलेले काडतूस चालवले जाई. या मापातील जड गोळी ४४० ग्रेन, म्हणजे साडेअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास असते. ती वेगाने मंद पण रुंद असल्यामुळे जवळच्या अंतरावर धक्का चांगला देते. कॉर्बेट यांच्याजवळ त्या दिवशी तीनच काडतुसे होती. गावकऱ्यांनी हाका घातला, वाघीण दरीतून बाहेर आली, तिन्ही काडतुसे उडाली आणि जखमी वाघीण समोर उभी असताना रायफल रिकामी झाली. मग ते धावत हाक्याला आलेल्या तहसीलदारांकडे गेले, त्यांची छऱ्यांची बंदूक हातात घेतली आणि वाघिणीपासून सुमारे २० फुटांपर्यंत परत आले.

इथली जी गोष्ट बहुतेक वाचक ओझरती वाचून पुढे जातात, तिच्यापाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. बंदूक रोखल्यावर कॉर्बेट यांना दिसले की नळ्या आणि त्यांच्या मागची पोलादी भिंत, जिला काडतुसाची बूड टेकते, या दोहोंमध्ये तीन अष्टमांश इंचाची फट आहे. हे माप साडेनऊ मिलिमीटर होते. ही फट म्हणजे काय, हे समजण्यासाठी आमच्या कामातील एक रोजची तपासणी सांगतो. दोननळी उघडायची, भिंतीवर सिगारेटचा पातळ कागद ठेवायचा, बंदूक बंद करायची आणि कागद ओढून पाहायचा. कागद अडकला पाहिजे. तो सुटून आला तर बिजागरीचा खिळा झिजला आहे असे मानून आम्ही ती बंदूक मालकाला वापरू देत नाही. काडतुसाच्या पितळी बुडाला मागून आधार नसेल तर बार उडताना ते फाटू शकते, आणि त्यातील तापलेला वायू व पितळेचे तुकडे थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत येतात. जिथे कागदाची जाडीही आम्हाला चालत नाही, तिथे साडेनऊ मिलिमीटर! कॉर्बेट यांनाही डोळे जाण्याचा धोका कळला होता, तरी त्यांनी चाप ओढला, कारण पर्याय उरला नव्हता. नेम वाघिणीच्या उघड्या तोंडावर होता, गोळी लागली पंजाला. परंतु आधीच्या जखमांनी ती संपतच आली होती. पुढे नैनितालच्या दरबारात ह्यूएट यांनी त्या तहसीलदारांनाही एक बंदूक भेट दिली. मला ही नोंद फार समाधान देते, कारण त्या सगळ्या मंडळींत नव्या बंदुकीची खरी गरज कोणाला होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सदोष बंदुकीशी कॉर्बेट यांची ओळख मात्र जुनी होती. त्यांचा जन्म १८७५ चा, नैनितालचा. लहानपणी त्यांच्या हाती आलेली पहिली बंदूक ठासणीची दोननळी होती. तिची उजवी नळी फाटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेला होता. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका मी अशाच तारांनी बांधलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहते. अशा बंदुकीने शिकणारा मुलगा एक सवय हाडीमाशी घेऊन मोठा होतो : बार एकच आहे, तो वाया घालवायचा नाही, आणि तो खात्रीने लागेल इतके जवळ जायचे. नंतर छात्रपथकाच्या सार्जंट मेजरने त्यांना .४५० ची मार्टिनी रायफल वापरायला दिली. तीही एका वेळी एकच काडतूस घेणारी. त्यांचा पहिला बिबट्या त्या मार्टिनीनेच पडला. पुढच्या आयुष्यात त्यांच्याकडे उत्तम हत्यारे आली, तरी एका गोळीवर भिस्त ठेवण्याची ही सवय कधी सुटली नाही, असे मला त्यांच्या सगळ्या नरभक्षकांच्या हकिगती बाजूला बाजूला ठेवून पाहताना जाणवते.

आता रिग्बीकडे येतो. रिग्बी हे मूळचे डब्लिनचे आणि नंतर लंडनला स्थिरावलेले घराणे. या रायफलीची यंत्रणा मात्र जर्मनीच्या माऊझरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिग्बी यांनी माऊझरशी करार करून त्यांच्या यंत्रणा ब्रिटनमध्ये आणल्या आणि त्यांवर आपल्या हातच्या नळ्या व दस्ते चढवून शिकारी रायफली तयार केल्या. ‘.२७५ रिग्बी’ हे काडतूस म्हणजे माऊझरचे १८९२ चे ७ × ५७ मिलिमीटरचे लष्करी काडतूसच होय, ज्याची चव ब्रिटिश सैन्याने बोअर युद्धात शत्रूच्या बाजूने घेतली होती. नाव इंग्रजी इंचांत केले एवढेच. आकड्यामुळे फसू नये : .२७५ हे नळीच्या आतील, गोळीला गिरकी देणाऱ्या पिळांच्या उंचवट्यांमधले अंतर आहे, गोळीचा व्यास .२८४ इंच, म्हणजे सव्वासात मिलिमीटरच्या किंचित खाली असतो.

आपण विचारता, एवढ्या बारीक गोळीने वाघ कसा मरतो? वाघ हे पातळ कातडीचे जनावर आहे. मोठ्या नराचे वजन दोनशे किलोच्या पुढे जात असले तरी त्याच्या अंगावर रानरेड्याची ढाल नसते, गव्यासारखे हाडांचे कुंपण नसते. सात मिलिमीटरची गोळी व्यासाने लहान पण लांबीने मोठी असते, त्यामुळे ती दिशा न सोडता खोल जाते. हृदय, फुप्फुसे किंवा मणका यांपैकी काही तिच्या वाटेत आले तर वाघ मरतो, आणि आले नाही तर दुप्पट शक्तीची गोळीही त्याला ताबडतोब मारत नाही. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले, कारण त्यांना हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती. मात्र यावरून ‘लहान गोळी पुरेशी असते’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये. लहान गोळी मारते, पण धावून येणाऱ्या जनावराला जागीच थोपवण्याचा भरवसा ती देत नाही. मारणे आणि थोपवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि कॉर्बेट यांच्याकडे हलकी रिग्बी आणि जड दोननळी अशा दोन रायफली असण्याचे कारण याच भेदात आहे.

मग नरभक्षकाच्या मागे पायी हिंडताना ते पुष्कळदा हलकी रायफल का घेत? याचे उत्तर वजनात आहे. रिग्बीचे वजन साधारण साडेसात पौंडांच्या आत, म्हणजे तीन-साडेतीन किलो असते. जड दोननळी साडेनऊ-दहा पौंडांपर्यंत जाते. सुमारे एक किलोचा हा फरक दुकानात हातात घेऊन पाहताना नगण्य वाटतो. तोच फरक दिवसभर चढउतार केल्यावर, हात घामेजलेला असताना आणि जनावर नजरेसमोर येऊन एक श्वासही घ्यायला वेळ नसताना जीवनमरणाचा होतो.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला चौगढच्या वाघिणीचा आहे. ६४ माणसे मारलेली ही वाघीण १९३० च्या एप्रिलमध्ये मारली गेली. त्या दिवशी ओढ्याच्या पात्रातून जाताना कॉर्बेट यांना रातव्याची दोन अंडी सापडली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना छंद होता, म्हणून त्यांनी ती डाव्या हातात घेतली. उजव्या हातात रायफल छातीवर तिरकी धरलेली होती आणि सेफ्टी काढलेली होती. एका मोठ्या खडकाला वळसा घालून ते पुढे गेले, मागे वळून पाहिले, तर वाघीण ८ फुटांवर बसलेली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत असलेली. अंडी हातात असल्यामुळे त्यांना झटक्याने वळता आले नाही. त्यांनी एका हाताने रायफल अतिशय सावकाश, जवळजवळ पाऊण वर्तुळातून फिरवली, हात पूर्ण ताणला, आणि नळी वाघिणीच्या अंगाच्या रेषेत आल्यावर चाप ओढला. आपण वाचलो त्याची जी कारणे त्यांनी स्वतः दिली, त्यांत हातातली अंडी आणि रायफलीचा हलकेपणा ही दोन्ही आहेत.

मी एकदा हे करून पाहिले आहे. रिकामी केलेली, दोनदा तपासलेली, याच धाटणीची एक माऊझर एका हातात घेऊन मी ती छातीवरून बाहेरच्या बाजूला तितक्याच सावकाश फिरवली. अर्धे अंतर जाईपर्यंत मनगट दुखू लागते आणि शेवटच्या टप्प्यात माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, थरथरू लागते. जड दोननळीने हाच प्रयोग केला तेव्हा अर्ध्या वाटेतच नळ्यांचे तोंड जमिनीकडे झुकले. सेफ्टीची गोष्टही तितकीच बारकाईने पाहण्यासारखी आहे. माऊझरची सेफ्टी म्हणजे बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकावर उभा राहणारा पंख असतो. तो अंगठ्याने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पाडावा लागतो आणि पडताना त्याचा ‘टक’ असा आवाज होतो. दोननळीच्या सेफ्टीची घसरपट्टी बरोबर अंगठ्याखाली येते, तशी ही येत नाही. एका हाताने रायफल पेलत असताना तो पंख पाडणे जवळजवळ अशक्य आहे. सेफ्टी आधीच काढलेली नसती तर हलकी रायफलही उपयोगी पडली नसती. शिवाय बोल्ट मागेपुढे करायला दुसरा हात लागतो, म्हणजे ८ फुटांवर एका हाताने त्यांच्याजवळ नेमका एकच बार होता. फाटक्या नळीची ठासणीची बंदूक घेऊन रानात हिंडणाऱ्या मुलाची सवय इथे कामी आली, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

त्यांची दुसरी महत्त्वाची रायफल म्हणजे लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफ्री यांची .४५०/४०० ची दोननळी. या जोडनावाचा अर्थ असा की .४५० च्या काडतुसाचे पितळी कवच घेऊन त्याची मान .४०० पर्यंत अरुंद केलेली आहे. गोळी ४०० ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम; वेग सेकंदाला सुमारे २,१०० फूट; शक्ती चार हजार फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे रिग्बीच्या जवळजवळ दुप्पट. हिंदुस्थानात हे माप लोकप्रिय होण्यामागे एक सरकारी कारणही होते. मार्टिनी-हेन्री रायफली मोठ्या संख्येने इकडे होत्या, चोरीला गेलेल्याही होत्या, आणि .४५० च्या शिकारी काडतुसांतील गोळ्या बंडखोरांच्या हाती जातील या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० च्या रायफलींच्या आयातीवर बंदी घातली. कारखानदारांनी त्यातून वाट काढण्यासाठी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. .४५०/४०० ची गोळी मुळातच लहान असल्यामुळे ती या बंदीत सापडली नाही. एका राजकीय धास्तीमुळे बंदुकांच्या मापांची अशी आख्खी पिढी जन्माला आली, हे मला आजही विलक्षण वाटते.

दोननळी रायफल ही कारागिरी म्हणून काय चीज आहे, ते थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन नळ्या एकमेकींना समांतर असतात असे बाहेरून वाटते. त्या तशा नसतात. उजवी नळी उडाली की बंदूक उजवीकडे आणि वर ढकलली जाते, डावी उडाली की डावीकडे. नळ्या समांतर ठेवल्या तर दोन्ही गोळ्या एकमेकींपासून दूर जातील. म्हणून त्या तोंडाकडे किंचित जवळ आणून, मध्ये पाचर ठेवून झाळतात. मग कारागीर ठरलेल्या काडतुसाने उजवी-डावी अशी आळीपाळीने मारून पाहतो, झाळ तापवून मऊ करतो, पाचर केसभर पुढे-मागे सरकवतो, थंड होऊ देतो आणि पुन्हा मारतो. शंभर यार्डांवर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडेपर्यंत हे चालते. याचा सरळ अर्थ असा की ही रायफल एकाच प्रकारच्या भरणीसाठी जुळवलेली असते; गोळीचे वजन किंवा दारूचे प्रमाण बदलले की तिची जुळणी बिघडते. त्यातच कॉर्डाइट ही दारू उष्णतेला फार संवेदनशील असते. मे महिन्याच्या उन्हात काडतूस तापले की दाब वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी भरली जात. विलायतेत जुळवलेली उत्तम दोननळी चुकीच्या काडतुसामुळे इथे नेम चुकवते आणि मालक दोष कारखान्याला देतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? दुसऱ्या बारासाठी. दोननळीत दोन चाप, दोन यंत्रणा, दोन नळ्या असतात, म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या त्या दोन स्वतंत्र रायफलीच असतात. पहिल्या बारानंतर बोट मागच्या चापावर नेले की दुसरा बार निघतो. ना बोल्टचा आवाज, ना डोळा नेमावरून हटण्याची वेळ. १९३८ च्या ३० नोव्हेंबरला ठाकच्या वाघिणीसमोर हीच गोष्ट निर्णायक ठरली. दिवस मावळत होता, बरोबर चार माणसे होती, आणि कॉर्बेट वाघिणीच्या हाकेला वाघाच्या आवाजात उत्तर देऊन तिला जवळ बोलावत होते. ते एका खडकावर अत्यंत अवघड रीतीने टेकलेले होते. वाघीण समोर आली तेव्हा त्यांनी जवळजवळ एकापाठोपाठ दोन्ही बार काढले. एक गोळी उजव्या डोळ्याखाली आणि दुसरी गळा व छाती यांच्या सांध्यावर लागली. धक्क्याने ते स्वतः खडकावरून निसटले आणि खाली बसलेल्या माणसांवर पडले. अंधुक उजेड, एकदाच मिळणारी संधी आणि मागे निःशस्त्र माणसे, अशा ठिकाणी हलक्या रायफलीपेक्षा दोन जड गोळ्यांवर विसंबणे योग्य होते. वय ६३ असताना आणि हा शेवटचाच नरभक्षक असे ठरवून आलेले असताना त्यांनी ही निवड केली, तीही मला त्यांच्या विवेकाची साक्ष वाटते.

आता उजेडाचा प्रश्न. वर दुर्बीण लावलेल्या रायफली आणि प्रखर विजेऱ्या यांच्या काळात वाढलेल्या वाचकाला याची कल्पना सहज येत नाही. उघड्या माशीने नेम धरायचा तर मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही दिसावी लागतात. संध्याकाळी सर्वांत आधी खाच नाहीशी होते, मग माशी, आणि जनावर मात्र बराच वेळ धूसर दिसत राहते. माशीच्या टोकाला हस्तिदंताचा मणी बसवत ते यासाठीच, परंतु काळोख्या रात्री तोही दिसत नाही. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली आणि तो जवळजवळ नेहमी रात्रीच फिरत असे, म्हणून कॉर्बेट यांची खरी लढाई अंधाराशी होती. त्यांनी झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री काढल्या. अखेर १९२६ च्या मे महिन्यात, गुलाबराय या ठिकाणच्या आंब्याच्या झाडावर बसलेले असताना, खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातील घंटा जोरात वाजली. त्यांनी रायफलीला जोडलेली विजेरी लावली तेव्हा नेम बिबट्याच्या खांद्यावर आधीच जुळलेला होता. त्यांनी चाप ओढला आणि पाठोपाठ विजेरी विझून गेली. रायफल अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने, बरोबर जागी रोखली गेली होती, याला कारागीर म्हणून मी एकच कारण देऊ शकतो. दस्त्याची लांबी आणि वळण माणसाच्या खांद्याला व गालाला नेमके बसले असेल, तर डोळे मिटून उचललेली बंदूकही पाहिलेल्या ठिकाणीच रोखली जाते. शिंपी माप घेतो तसे माप घेऊन दस्ता बसवण्याची जुन्या कारखान्यांची पद्धत यासाठीच होती.

वाईट बंदूक आणि वाईट नेम यांचे दुसरे टोकही याच हकिगतींमध्ये दिसते. चंपावतच्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते; वरचा निम्मा, खालचा थेट हाडापर्यंत. ही जुन्या गोळीची जखम होती. नैसर्गिक शिकार पकडता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. कोणा अनामिकाची एक फसलेली गोळी आणि त्यानंतर ४३६ माणसे. माझ्याकडे कोणी ढिली, फट पडलेली किंवा माशी वाकलेली बंदूक घेऊन येतो आणि ‘जनावर हाकलण्यापुरती चालेल तशी करून द्या’ असे म्हणतो, तेव्हा मी ते काम घेत नाही, ते या मोडक्या सुळ्यांमुळे.

या दोन रायफलींचे पुढे काय झाले, तेही सांगतो. कॉर्बेट १९४७ मध्ये केनियाला गेले आणि १९५५ मध्ये न्येरी येथे वारले. त्यांचे गाजलेले पहिले शिकारपुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले होते. रिग्बी त्यांच्या पश्चात या प्रकाशनसंस्थेकडे राहिली आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. पुढल्या वर्षी ती काही दिवसांसाठी भारतात आणली गेली. जेफ्रीची दोननळी अमेरिकेतील बंदुकांचे लेखक एल्मर कीथ यांच्या संग्रहात पोचली होती. तीही २०१५ मध्येच त्या संग्रहाच्या लिलावात विकली गेली.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग घरातील वारशाच्या रायफलीचा होता. सर्वांत आधी कायद्याची बाजू. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो. रायफल कितीही जुनी असली तरी ती उडू शकत असेल किंवा दुरुस्तीने उडवता येत असेल, तर १९५९ चा शस्त्र कायदा तिला पूर्ण लागू होतो. ‘शंभर वर्षांची आहे म्हणून चालते’ ही समजूत चुकीची आणि धोक्याची आहे. ती विनापरवाना घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारस म्हणून अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला वारशाची धरूनही दोनच बंदुका ठेवता येतात.

त्यानंतर रायफल ओळखण्याची बाजू. दोननळी उघडून नळ्या वेगळ्या केल्या की त्यांच्या खालच्या सपाट भागावर चाचणीचे शिक्के दिसतात. ती कॉर्डाइटसाठी तपासलेली असेल तर ‘कॉर्डाइट’ हा शब्द, त्याचे कमाल वजन आणि गोळीचे वजन इंग्रजीत ग्रेनमध्ये कोरलेले असते. हा शब्द नसेल तर ती काळ्या दारूची मानावी आणि तीत दुसरे कोणतेही काडतूस घालू नये, मग ते आत कितीही अचूक बसो. अनुक्रमांक लिहून ठेवावा, कारण लंडनच्या जुन्या कारखान्यांच्या वह्यांतून मूळ खरेदीदार, माप आणि साल बऱ्याचदा कळते. एखाद्या प्रसिद्ध शिकाऱ्याचे नाव सांगून विकल्या जाणाऱ्या रायफलीबाबत या नोंदीशिवाय एक शब्दही खरा मानू नये.

आणि रायफल मूळ चामडी पेटीत ठेवू नये. एका वाड्यात अत्यंत सुबक दोननळी तिच्या मखमली पेटीत चार पावसाळे बंद राहिली होती. मालकांनी ती प्रेमानेच जपली होती, वरून तेलही लावले होते. पेटी उघडली तेव्हा चामड्याने शोषलेली ओल नळीला जिथे जिथे टेकली होती, तिथे तिथे गंजाच्या खळग्यांची रांग उठली होती, आणि नळ्यांच्या आत पिळांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. बाहेरची खराबी ओलीची होती, आतली मिठाची. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळाल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतील पाणी ओढतो, आणि तेलात तो विरघळत नाही. तेल त्याच्यावरून नुसते पसरते. म्हणून जुने शिकारी तळावर परतल्यावर जेवणाआधी उकळत्या पाण्याची किटली मागवीत. नळ्या वेगळ्या करून त्यांतून कढत पाणी ओतायचे, नळी हाताला चटका देईल इतकी तापली की ती आपोआप आतून कोरडी होते, मग कोरडा फडका, आणि त्यानंतरच तेलाचा एक थेंब टाकलेला फडका. आजही अशी नळी माझ्याकडे आली की मी पहिल्यांदा किटलीच चुलीवर ठेवतो.